बिनदेवाची बांधी

माणसं देव मानणारी किंवा न मानणारी अशी दोनच प्रकारची असतात असं ज्यांना वाटतं, त्यांची आमच्या मावसाजींशी गाठ पडलेली नाही. मावसाजी तिसऱ्या प्रकारात मोडतात, आणि माझ्या माहितीप्रमाणे अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात त्या प्रकारात ते एकटेच आहेत. ते देवाची तपासणी करतात. यात त्यांचा काही दोष नाही. त्यांची सगळी नोकरी कृषी खात्यात बियाण्याची उगवण तपासण्यात गेली. धानाचे शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्याने उलगडून किती उगवले ते पाहायचं, आणि मगच शेतकऱ्याला पेर किंवा पेरू नको म्हणायचं. बियाणं साहेबांच्या सासऱ्याकडचं असलं तरी गोणपाटात गेल्याशिवाय मावसाजींनी त्याला चांगलं म्हटलं नाही. असा माणूस निवृत्त होऊन चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या आपल्या गावी येऊन बसला, तपासायला बियाणं उरलं नाही, आणि त्याने देवाकडे मोर्चा वळवला.

खरं तर सुरुवात नोकरीत असतानाच झाली होती, आणि तिचं कारण आमची मावशी. मावशीचा देवावर असा विश्वास की उतू जाऊ नये म्हणून ती दूधसुद्धा देवाच्या भरवशावर ठेवते आणि मग उतू गेलेलं दूध त्याच भरवशाने पुसते. रोज सकाळी ती देवघरापुढे आरती करते आणि मावसाजी दाराच्या चौकटीपाशी हात पाठीमागे बांधून उभे राहतात. आत या म्हटलं तर येत नाहीत आणि जा म्हटलं तर जात नाहीत. "हात जोडाचे तं खरे जोडाचे," असं त्यांचं म्हणणं. "कोणी आयकते का नाही, एवढं एक पक्कं होऊ दे, मंग मी तुह्या बाजूले येऊन उभा राहतो." मावशी म्हणते, "तीस वर्षं झाले, हे पक्कंच होऊन राहिलं." हसत म्हणते, पण तिच्या शेजारची जागा तीस वर्षं मोकळी आहे हे तिलाही कळतं आणि त्यांनाही. त्या मोकळ्या जागेपायीच हा सगळा उपद्व्याप.

मावसाजींचा नियम असा की प्रत्येक पंथाला एक पूर्ण हंगाम द्यायचा, मिरगापासून कापणीपर्यंत. एका हंगामात त्यांनी कीर्तनं ऐकली, आणि कीर्तनकार बुवांना उत्तररंगाच्या मध्येच उभं राहून "हे तुमी स्वतः पाहिलं का आयकलेलं हाये?" असं विचारल्यामुळे पुढची कीर्तनं त्यांना मंडपाबाहेरून ऐकावी लागली. एका हंगामात ते दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला गेले आणि चौथ्या दिवशी परत आले, कारण त्यांना एक शंका आली होती आणि मौनात शंका विचारायची सोय नव्हती. गोंदियाला एक मोठे महाराज आले तेव्हा दर्शनाच्या रांगेत तीन तास उभे राहून मावसाजींनी त्यांना हिंदीत विचारलं, "बाबाजी, सौ लोग माँगते हैं तो कितनों को मिलता है?" महाराज प्रसन्नपणे म्हणाले, "बेटा, श्रद्धा रखो." मावसाजी म्हणाले, "रखता हूँ बाबाजी, पर पहले सॅम्पल तो दिखाओ." त्यानंतर दोन सेवेकऱ्यांनी त्यांना फार अदबीने दंडाला धरून उन्हात आणून सोडलं.

नास्तिकपणालाही त्यांनी एक हंगाम दिला होता, कारण अन्याय कुणावरच करायचा नाही. त्या वर्षी मिरगाच्या दिवशी आंघोळ करून ते देवघरापुढे गेले आणि मोठ्याने म्हणाले, "या हंगामात तुमी नाही आहा. राग मानू नका." मग कापणीपर्यंत त्यांनी कटाक्षाने देव मानला नाही. दिवाळीनंतर पुन्हा जाऊन "झाला हंगाम" एवढं सांगून आले. मी विचारलं, मावसाजी, जो नाही त्याला हे सांगायचं कशाला? ते म्हणाले, "असन तं? निरोप नको द्याले?"

जंगलातल्या देवाची पाहणी करायला ते थेट दरेकशापर्यंत गेले होते. तिथे त्यांचा नोकरीतला एक जुना स्नेही राहतो, जंगलकामावर जाणारा, वाडवडिलांचा देव सांभाळणारा. त्याने त्यांना आंब्याच्या झाडाखाली आपला देव दाखवला. मावसाजींनी वही काढली आणि विचारलं, "तुमचा देव आयकते का?" तो म्हणाला, "साहेब, हा बसून हाये. तुमाले विचाराचं असन तं तुमीही बसा. मले मोहफुलं वेचाचे आहेत." आणि टोपली घेऊन निघून गेला. मावसाजी तिथे दुपारपर्यंत बसले. आजवरच्या सगळ्या तपासण्यांत हीच एक त्यांना पटली, पण वहीत काय लिहायचं ते काही सुचलं नाही, म्हणून त्या पानावर फक्त "सावली चांगली" असं लिहिलेलं आहे.

पण या सगळ्यावर कडी केली ती दोन बांध्यांच्या प्रयोगाने. आमच्याकडे धानाच्या शेताचे धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी, आखलेले तुकडे असतात, त्यांना बांधी म्हणतात. कृषी खात्याची एक रीत आहे. खताची परीक्षा घ्यायची तर एका तुकड्याला खत द्यायचं, शेजारच्याला द्यायचं नाही, बाकी सगळं सारखं ठेवायचं, आणि शेवटी दोन्हींचं पीक ताडून पाहायचं. मावसाजींनी खताच्या जागी देव घातला. शेजारशेजारच्या दोन सारख्या बांध्या घेतल्या, एकच बियाणं, एकाच दिवशी रोवणी, पाणी एकाच पाटाचं. फक्त एका बांधीसाठी रोज सकाळी प्रार्थना करायची, तीही हात पाठीमागेच ठेवून, आणि दुसरीसाठी करायची नाही. पहिलीला ते देवाची बांधी म्हणत आणि दुसरीला बिनदेवाची. प्रार्थना दुसरीकडे सांडू नये म्हणून ते तिच्याकडे पाठ करून उभे राहत. एकदा वारा फिरला आणि उदबत्तीचा धूर बिनदेवाच्या बांधीवर गेला, तर त्यांनी तो अख्खा दिवस बाद धरला.

सात वर्षं हा प्रयोग चालला आणि सातही वर्षं दोन्ही बांध्या सारख्याच पिकल्या. मावसाजी चिंतेत पडले. म्हणजे कोणी ऐकत नाही? की ऐकणारा भेदभाव करत नाही? की आपलीच प्रार्थना निकृष्ट प्रतीची? सातव्या वर्षी, कापणीनंतर, मी तिथे असताना ते ओसरीत बसून ही तीन अनुमानं मोठ्याने वाचत होते. मावशी सुपात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पिकंन नाही तं काय? तिचं मी करून राहिली ना."

"कोणाचं?" मावसाजींनी विचारलं.

"त्या दुसऱ्या बांधीचं. तुमी एकीपुढं रोज उभे राहता आन् दुसरीले पाठ दाखवता. तिनं काय घोडं मारलं होतं? बिचारीचं कोणीच नाही म्हणून तुमी घरी गेल्यावर मी जात होती. हळदकुंकू वाहून, दोन शब्द बोलून येत होती."

"किती वर्षं?"

"पयल्या वर्षापासूनच."

मावसाजींचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. सात वर्षांचं संशोधन सुपातल्या कोंड्याबरोबर पाखडलं गेलं होतं. दोन दिवस ते मावशीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी खाकरले आणि विचारलं, "पर दिवसातून एकदाच जात होती का दोनदा?" हिशेबात धरता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं.

मी हे इतकं हसत सांगतो आहे, पण गेल्या हिवाळ्यात गोष्ट थोडी वेगळी झाली. मावशीचे गुडघे पार गेले. दरेकशाकडच्या डोंगरावर एक देवी आहे, तिला मावशी लग्नापासून दर वर्षी नारळ नेते. त्या वर्षी पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं. तिने नारळ मावसाजींच्या हातात दिला.

"मी कायले? मी तं मानतच नाही अजून."

"मानू नका. निस्ता निरोप पोचवा."

पोस्टमनचं काम करायला मावसाजींच्या तत्त्वाची आडकाठी नव्हती. मावशीने तीन निरोप सांगितले. पहिला, गुडघे निदान चुलीपाशी बसण्यापुरते तरी ठेव. दुसरा, रायपूरला दिलेल्या पोरीकडे लक्ष असू दे. आणि तिसरा, याले माफ करजो, हा मनाचा वाईट नाही, निस्ता शंकेखोर हाये.

"हे मीच माह्याबद्दल सांगू?" मावसाजी चमकले.

"पोस्टमन पत्र वाचत नाही," मावशी म्हणाली.

मी त्यांच्यासोबत गेलो. दरेकशाला गाडीतून उतरून डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ते तिन्ही निरोप परवचा म्हटल्यासारखे पुटपुटत होते. वर गेलो तर देऊळ रिकामं. ना गर्दी, ना पुजारी, ना दंडाला धरणारे सेवेकरी. त्या झाडाखालचा सोडला तर इतक्या निवांत देवाला मावसाजी तीस वर्षांत भेटले नसतील. त्यांनी नारळ ठेवला, पाठीमागचे हात पुढे आणले आणि जोडले. मी मागे उभा होतो, मला ऐकू येत होतं. "माय, ती नाही येऊ शकली. गुडघ्यानं लय हाल होऊन राहिले तिचे. रात्री कण्हते, तिले वाटते मी झोपलो असन म्हणून. तेवढं पाहजो." हे सगळं काही मावशीने सांगितलेलं नव्हतं. मग पोरीचं सांगितलं. मग ठेवलेला नारळ उगाच जरा सरळ केला. "आन् तिनं सांगतलं का याले माफ कर. याले म्हणजे मले."

परतताना दहाबारा पायऱ्या उतरलो असू, मावसाजी एकदम थांबले. कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, माहं विचाराचं राहूनच गेलं."

मी म्हटलं, परत जाऊ या, गाडीला अजून वेळ आहे, वर कोणीच नाही, सावकाश विचारा. ते वर देवळाकडे पाहत उभे राहिले. मला वाटलं, जातात आता.

"राहू दे," ते म्हणाले. "ती तिकडं वाट पाहून राहिली असन. तिचं सांगून झालं ना."

तीस वर्षं एकाच प्रश्नापायी गावभर हसं करून घेतलेला हा माणूस. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर हेवाच वाटला. मी एवढी वर्षं बिनशंकेचे हात जोडत आलो, पण दुसऱ्या कुणाचं दुःख देवाला असं सांगितल्याचं मला आठवत नाही. मावसाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही उतरू लागलो. खाली पोचेपर्यंत ते दोनतीनदा थांबले, मागे वळून वर पाहिलं, आणि पुन्हा पायरी चाचपू लागले.