आधी प्रसंग, नाव शेवटी: मुजावरबाईंचं वर्षाचं ‘राहिलेलं’

मुजावरबाईंची आणि माझी पहिली भेट एका तक्रारीवरून झाली. बुधवार पेठेत माझं स्पीकर आणि ॲम्प्लिफायरचं दुकान आहे. एका सकाळी उदबत्ती लावत होतो, तेवढ्यात रिक्षातून एक बाई उतरल्या. मागून रिक्षावाला दोन स्पीकर कवेत घेऊन आला.

“हे तुमच्याच दुकानातले ना?”

“हो. वाजत नाहीत का?”

“वाजतात. बोलत नाहीत.”

मला काही कळलं नाही. बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. “गाणं लागलं की छान वाटतं. माणसं बोलायला लागली की बाप कोण आणि मुलगा कोण, ते ओळखू येत नाही. सगळे एकाच घशातून बोलतात.”

आवाज कमी येतो, आवाज फाटतो, खरखर येते, अशा तक्रारी घेऊन गिऱ्हाइकं रोज येतात. माणसं ओळखू येत नाहीत, अशी तक्रार माझ्या दुकानात तोवर कुणी आणली नव्हती. मी स्पीकर तपासले, त्यांत दोष नव्हता. “हॉल बघावा लागेल,” मी म्हणालो. “मग रविवारी खडकीला आमच्या चित्रपट मंडळात या,” बाई म्हणाल्या आणि स्पीकर माझ्याकडेच ठेवून गेल्या.

मी गेलो. मंडळ भरतं त्या शाळेच्या हॉलची मागची भिंत उघडी होती, तिथे जाड पडदे लावायला सांगितलं आणि स्पीकरांची तोंडं फिरवली. हे काम मी कुठल्या कोर्सला जाऊन शिकलेलो नाही. अकरावीनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण पुण्यातल्या बऱ्याच सभागृहांचा आवाज मी बसवलेला आहे. बाईंनी माझं शिक्षण कधी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी पडद्यावर एक संवाद लावला, डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, “आता बाप म्हातारा झाला.” त्या एका वाक्यानं मी मंडळाचा सभासद झालो, तो आजतागायत.

बाईंना आपण सगळे मराठीच्या शिक्षिका म्हणून ओळखतो. त्यांच्या अध्यापनावर या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलं आहेच. मी लिहिणार आहे ते त्यांच्या जानेवारीबद्दल. आमचं चित्रपट मंडळ दर महिन्याला भरतं, पण जानेवारीच्या पहिल्या रविवारची बैठक वेगळी असते. सरलेल्या वर्षातला एक चित्रपट आणि एक अभिनय प्रत्येकानं निवडून सांगायचा असतो. डिसेंबरात अशा याद्या वर्तमानपत्रांतून आणि फोनवर ढिगानं येतात, त्यात नवीन काय, असं कुणी म्हणेल. आमच्याकडे कागद आणायला बंदी आहे. सगळं आठवणीतून सांगायचं. आधी प्रसंग सांगायचा आणि चित्रपटाचं, नटाचं नाव अगदी शेवटी, म्हणजे मोठ्या नावाला मोठं माप मिळत नाही. (हा लेख बाईंवर असल्यामुळे मी तर नावं मुळीच देणार नाही. ज्यांना हवीत त्यांनी शोधावीत.) आणि ‘सर्वोत्कृष्ट’ हा शब्द वापरायचा नाही.

याचं कारण मी सुरुवातीला विचारलं होतं. बाई म्हणाल्या, “सर्वोत्कृष्ट म्हणायला सर्व बघितलेले हवेत. बघितलेत तुम्ही?”

“नाही.”

“मीही नाही. मग जे राहिलंय तेवढंच सांगू या.”

तेव्हापासून आमच्यात वर्षाच्या निवडीला ‘राहिलेलं’ म्हणतात. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे गायकवाडकाका एकदा म्हणाले, “राहिलेलं म्हणजे कालची भाजी का हो, बाई?”

“हो. आज खाऊनही चांगली लागली तर तीच आणा.”

बाईंचं स्वतःचं राहिलेलं कसं असतं, ते एका उदाहरणावरून लक्षात येईल. एका वर्षी एका चित्रपटातल्या नायकाचं सगळीकडे कौतुक चाललं होतं. मंडळातही निम्म्या लोकांनी त्यालाच निवडलं. बाईंनी त्याच चित्रपटातली रुग्णालयाच्या खिडकीवर बसलेली बाई निवडली. ती केसपेपरसाठी रुग्णाचं नाव विचारते, मग वय विचारते. उत्तर येतं, “चार.” तिचं पेन क्षणभर थांबतं आणि पुन्हा लिहू लागतं. एवढंच.

“ती वर बघत नाही,” बाई म्हणाल्या. “वर बघितलं असतं तर आपल्याला अभिनय दिसला असता.”

नाव सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी श्रेयनामावली थांबवून थांबवून पाहिल्याचं सांगितलं. त्यात त्या भूमिकेला ‘खिडकीवरची बाई’ एवढंच म्हटलं होतं. नटीचं नाव मात्र होतं, ते बाईंनी स्पष्ट उच्चारून दोनदा घेतलं.

एवढा काटेकोरपणा म्हटला की माणूस करडा असेल असं वाटतं. बाईंची गोष्ट निराळी आहे. वाघोलीहून येणारी, आयटीत काम करणारी ऋचा पहिल्यांदा बोलायला उभी राहिली तेव्हाचं सांगतो. ती म्हणाली, “ॲक्चुअली परफॉर्मन्स असा नाहीये, पण बॅकग्राउंडला एक काका आहेत, ते लिटरली पूर्ण सीनभर चप्पल शोधतायत.” काही लोक हसले. गायकवाडकाकांनी विचारलं, “हे कुठलं मराठी म्हणायचं?”

बाई म्हणाल्या, “चप्पल सापडत नव्हती, हे कळलं ना तुम्हाला? मग मराठीच.” आणि ऋचाकडे वळून, “शेवटी सापडली का गं?”

“एकच. ते तेवढीच घालून जातात.”

“कुठल्या पायात?”

ऋचानं डोळे मिटले. “डाव्या.”

“बस. छान पाहिलंस.” तेव्हापासून ऋचानं एकही जानेवारी चुकवलेला नाही.

याच गायकवाडकाकांची पत्नी अंथरुणाला खिळली तेव्हा काकांचं थिएटरला जाणं बंद झालं. त्या काळात बाई दर गुरुवारी त्यांच्याकडे जात आणि एकेक चित्रपट उठून, बसून, आवाज बदलून दोघांना सांगत. त्या जानेवारीत काकांनी असाच एक ऐकलेला अभिनय निवडला. बाईंनी तो नामंजूर केला. “तुम्ही नटाचा पाहिलाच नाही. तो माझा होता.”

“मग तुम्हालाच देतो.”

“वशिला चालत नाही,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्या गुरुवारी नवा चित्रपट घेऊन पुन्हा हजर.

आता गेल्या वर्षीच्या जानेवारीकडे येतो. बाईंनी एका लहानशा मराठी चित्रपटातली नटी निवडली होती. प्रसंग असा, की भाऊ गेल्याचा फोन येतो. “ती आधी गॅस बंद करते,” बाई म्हणाल्या, “मग भिंतीला टेकून खाली बसते. रडणं त्यानंतर. दूध उतू जाऊ द्यायचं नाही एवढं तिला त्याही वेळी कळतं.”

मी तो चित्रपट दोनदा पाहिलेला होता. मी उठलो. “बाई, ती गॅस बंद करताना दिसत नाही. फोन घेऊन ती आत जाते आणि कॅमेरा बाहेर सासऱ्यांवर राहतो. शेवटपर्यंत तेच दिसतात.”

ऋचाकडे फोनवर चित्रपट होता. तिनं प्रसंग काढून दाखवला. पडद्यावर पेपर धरून बसलेले सासरे आणि मागे स्वयंपाकघराचं रिकामं दार. बाईंनी पूर्ण पाहिला. “ढमाले बरोबर आहेत. माझी निवड मागे,” म्हणाल्या आणि बसल्या.

चहाच्या वेळी गायकवाडकाका माझ्याजवळ आले. “झालं समाधान?”

“नव्हतं ते नव्हतं म्हणालो. पाहिलं तेच सांगायचं, हा नियम त्यांचाच आहे.”

माझं आजही तेच मत आहे. जाताना बाई स्वतः मला “बरं केलंत” म्हणाल्या होत्या. पण फेब्रुवारीच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं, की यापुढे जानेवारीत त्या ऐकायला येतील, निवड सांगणार नाहीत. “जे नाही ते दिसायला लागलं की साक्षीदारानं पिंजऱ्यातून खाली उतरावं.” कुणी आग्रह केला, कुणी रागावलं, ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई बधल्या नाहीत. खरं सांगायचं तर आम्ही सगळे आपापलं राहिलेलं बाईंना सांगत असू, आणि शेवटी त्यांचं ऐकण्यासाठी थांबत असू. ते नसेल तर जानेवारीत खडकीला जायचं कशाला, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता.

माझ्या मनात दुसराही होता. ती चूक आली कुठून? माझ्या धंद्यात यंत्रातून गुणगुण येते तेव्हा ती कुठून तरी येतच असते. वायर सैल असते, नाहीतर शेजारी पंखा असतो. बाईंसारख्या व्यक्तीला गॅस, भिंत, खाली बसणं, हे सगळं इतक्या क्रमानं उगाच कसं दिसेल?

एका रविवारी सकाळी दुकानातला उत्तम स्पीकरांचा जोड घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

“पुन्हा चूक दाखवायला आलात?”

“नाही. ती आली कुठून ते बघायला.”

बाईंचे पती निसारभाई आतून म्हणाले, “पहले चाय, फिर आवाज.” त्यांच्या घरात या क्रमाला अपवाद नाही.

चहा झाल्यावर मी टीव्हीला स्पीकर जोडले. बाई मान किंचित वळवून, अगदी कडेला बसल्या होत्या. तिथून नीट दिसणार नाही, असं मी म्हणालो. तेव्हा त्यांनी सांगितलं, की वर्षभर उजव्या डोळ्यानं धूसर दिसतंय, मोतीबिंदू आहे. “म्हणून तर थांबले, ढमाले. चूक कुणाचीही होते. पण डोळाच असा झाला तर माझ्या कुठल्या वाक्यावर तुम्ही विश्वास ठेवाल?”

मी प्रसंग लावला. सासरे, पेपर, रिकामं दार. छताच्या पंख्याची घरघर. बाईंनी हात वर केला. “मागे घ्या. ऐकलंत?”

मला काही ऐकू आलं नव्हतं. पुन्हा लावलं. मग आलं. पंख्याच्या घरघरीखाली शेगडीच्या ज्योतीचा बारीक फुरफुर आवाज पहिल्यापासून होता. एक ‘टक्’ झालं आणि तो थांबला. नंतर भिंतीवरून बांगड्या घसरत खाली गेल्या. मग बराच वेळ काही नाही. मग रडणं.

म्हणजे ती बाई आत गॅस बंद करत होती, भिंतीला टेकून बसतही होती. थिएटरमध्ये बाईंच्या कानांनी ते टिपलं आणि वर्षभरात त्याचं चित्र झालं. मी दोन्ही वेळा दुकानातल्या टीव्हीवर, लक्ष्मी रस्त्याची रहदारी ऐकत पाहिलं होतं.

“मग तुमचं बरोबर होतं,” मी म्हणालो.

“नाही. ती दिसत नाही, हे तुमचं बरोबर होतं. माझं क्रियापद चुकलं. ‘बंद करते’ म्हणाले. ‘बंद झाल्याचं ऐकू येतं’ म्हणायला हवं होतं.” मग म्हणाल्या, “पण ढमाले, मग हा अभिनय कुणाचा?”

मी म्हणालो, की ती नटी त्या वेळी आत असेलच असं नाही. असे आवाज बहुधा नंतर स्टुडिओत भरतात. कुणीतरी शेगडीचं बटण फिरवलं असेल, भिंतीवर बांगड्या ओढल्या असतील. कदाचित एखाद्या पुरुषानं.

“पुरुषानं? मग बांगड्या कुणाच्या?”

“बीवी के लाया होगा,” निसारभाई म्हणाले.

बाई मनापासून हसल्या. मग त्या माणसाचा हात किती सावकाश खाली गेला असेल, त्याला ती बाई कशी बसते हे कुणी सांगितलं असेल, की त्यानं घरी कुणाला असं बसताना पाहिलं असेल, यावर आम्ही दुपारपर्यंत बोलत राहिलो. श्रेयनामावलीत ध्वनीच्या विभागात बरीच नावं होती. त्यांतलं नेमकं कोण, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. बाईंनी चौकशी सोडलेली नाही.

या जानेवारीत सगळ्यांचं सांगून झाल्यावर बाई उभ्या राहिल्या. “गेल्या वर्षीची निवड दुरुस्तीसह परत देते,” म्हणाल्या. सुधारलेलं वाक्य सांगितलं, मी आणलेल्या स्पीकरवर प्रसंग ऐकवला. गायकवाडकाका माझ्याकडे वळले. “अहो ढमाले, स्पीकर विकता ना तुम्ही?” बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, “यंदाचंही सांगते. ते एका डोळ्यानं पाहिलेलं आणि दोन्ही कानांनी ऐकलेलं आहे. तेवढ्यापुरतं धरा.” आणि त्यांनी सांगितलं.

बाई पंचाहत्तरीत प्रवेश करत आहेत. अशा वेळी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. पण नुसतं तसं लिहिलं तर बाई “म्हणजे नेमकं काय?” असं विचारतील, म्हणून नेमकं लिहितो. पुढल्या महिन्यातली त्यांची डोळ्याची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडावी. त्यांनी पुन्हा थिएटरच्या मधल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसावं. निसारभाईंसह त्यांची प्रकृती उत्तम राहावी, गुडघ्यांनी हॉलच्या पायऱ्यांची तक्रार करू नये. दर वर्षी निदान एक तरी चित्रपट असा निघावा, की जो त्यांच्याजवळ राहील. आणि या लेखातलं एखादं क्रियापद चुकलं असेल, तर ते आम्हाला दुसरं कुणी सांगू शकणार नाही. त्यासाठी बाईंनी पुष्कळ, पुष्कळ वर्षं आमच्यात असायला हवं.