आजोबांची दुनळी

बुधवार पेठेत बंदुका दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. गिऱ्हाइकाला ते 'या' म्हणत नाहीत, 'ठेवा' म्हणतात. खूप शिकार केलेली बंदूक बिजागरीत खुळखुळते आणि हाताच्या पकडीपाशी तिचा काळा रंग उडतो, असं त्यांचं शास्त्र. मी आजोबांची दुनळी बंदूक नेली आणि त्यांनी मारलेल्या तीन बिबट्यांची गोष्ट रंगवून सांगितली. गृहस्थांनी माझं बोलणं मधे तोडलं नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. दुनळी हलवून, नळ्या उजेडाकडे धरून ते म्हणाले, "अहो, आतून ही नवीकोरी आहे. गंज सगळा वरून, दसऱ्याच्या हळदीकुंकवाचा. आजोबा बिबट्यांना नुसते ओवाळायचे का?"