नव्वद दिवसांचा ताळा

आमच्या ह्यांचा पाय एका जागी ठरत नाही, हे मला लग्नानंतर आठवड्यातच कळलं. पण त्या रविवारी त्यांनी कहर केला. स्वयंपाकघरातले डबे उतरवले, पुसले आणि भलत्याच जागी ठेवले. दारातल्या चपला तीनदा सरळ केल्या. चौथ्यांदा वाकले तेव्हा मी म्हटलं, "पोटात काय आहे ते बोला एकदाचं. माझे डबे तरी वाचतील."

हे इस्पितळाच्या औषधभांडारात. वीस वर्षं रजिस्टर लिहिताहेत. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, स्वभाव म्हणजे मिरचीचा ठेचा. तीन महिन्यांपूर्वी तिथे कॉम्प्युटर आला. साहेबांनी ठरवलं, नव्वद दिवस दोन्ही चालवायचं. वॉर्डातून कुणी चिठ्ठी घेऊन आलं की रजिस्टरात लिहायचं, आणि तिथल्या तिथे चिठ्ठी बघून कॉम्प्युटरवरही नोंदवायचं. संध्याकाळी दोन्हींचा ताळा घ्यायचा. जुळत गेलं की रजिस्टर बंद.

जुळलं. नव्वद दिवसांत एकही फरक नाही. साहेबांनी भर बैठकीत ह्यांची पाठ थोपटली. सोमवारपासून नुसता कॉम्प्युटर.

"मग तोंड का पाडलंय?"

"सकाळी खिडकीपुढे रांग लागते गं. दोन-दोनदा लिहायला हात कुठून आणू? मी रजिस्टरातच लिहायचो आणि संध्याकाळी त्यावरून कॉम्प्युटरवर उतरवायचो. जुळणार नाही तर काय! गर्दीत ते यंत्र चालतं का, हे कुणी पाहिलेलंच नाही."

मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. त्या खिडकीच्या पलीकडे आजारी माणसं असतात.

"साहेबांना सांगा."

"कुठल्या तोंडाने? टाळ्या घेतल्यात मी."

"त्याच तोंडाने. आणि आत्ता. नाहीतर फोन इकडे द्या."

फोन लावला. साहेब इतक्या मोठ्याने बोलले की मला भाजी चिरताना ऐकू आलं. नोकरी वाचली, शाबासकी गेली. नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून, खिडकीवर एक माणूस जास्तीचा, आणि नोंद भर गर्दीतच करायची.

सोमवारी हे घरी आले आणि हातातली पिशवी न ठेवताच खुर्चीत बसले. पहिल्याच दिवशी एकेचाळीस ठिकाणी फरक निघाला होता.

"एक इंजेक्शन आहे," हे म्हणाले. "लहान मुलांचं वेगळं, मोठ्यांचं वेगळं. पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक. दिवसभर मुलांचं देत होतो आणि घाईत बोट मोठ्यांच्या नावावर पडत होतं. संध्याकाळी कॉम्प्युटर म्हणतो, मुलांची बारा शिल्लक. कपाटात एकही नाही."

"मग?"

"रजिस्टर होतं म्हणून कळलं. लगेच मागवली." ह्यांनी आता कुठे पिशवी खाली ठेवली. "नसतं तर उद्या एखाद्या आईला मी खिडकीतून सांगितलं असतं, घाबरू नका बाई, आत बारा आहेत."