भुजबलीच्या कानातला कापूस

तीन वर्षांमागं निपाणीत एक कुजबुज उठली की वखारीचा भुजबली ठार बहिरा झाला. कुणी म्हणालं, तंबाखूची धूळ. कुणी म्हणालं, परदेशातल्या मेलेल्या माणसांचं विव्हळणं ऐकून ऐकून कान बसले. आमच्या चौकातल्या न्हाव्यानं तर कुठला पडदा कधी फाटला ते तारखेसकट सांगितलं. मीही ही बातमी चार घरी पोचवली, खोटं कशाला बोलू.

भुजबली आता एकसष्टीचा. जैनांच्या जुन्या तंबाखू व्यापारी घरातला. वडिलांनी कॉलेजातून उचलून वखारीत बसवला, तो बसला तो बसलाच. वखारीला खिडकी नाही, छपरात दोन काचा तेवढ्या. अशा जागी माणूस जीव रमवायला काहीतरी शोधणारच. भुजबलीला बेळगावच्या शहापुरातल्या भंगारवाल्याकडं कर्ण्याचा ग्रामोफोन आणि तबकड्यांचं खोकं मिळालं. त्यानं नाट्यगीतं समजून उचललं, वखारीत आणून लावलं तर निघाले अमेरिकेतले काळे गवई. ब्लूज.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, ह्याची दाढ दुखतीय काय? आठवड्यानं तीच तबकडी दिवसातून चारदा वाजायला लागली. मग त्याला खरखरीच्या खालचं ऐकू यायला लागलं. खुर्चीची करकर, फळीवर आपटणारा पाय, बाटलीचा गळा तारेवरून घसरवला की गिटारातून निघणारा बाईमाणसासारखा हुंदका. गवई एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला आपणच उत्तर देतो. आमची प्रेमलाही अशीच बोलते, असं तो एकदा चारचौघांत म्हणाला. त्या दिवशी बायकोनं त्याला बिनमिठाची आमटी वाढली.

मोबाईलवर वाचून वाचून त्यानं ह्या गवयांची चरित्रं गोळा केली. कुणी आंधळा, कोपऱ्यावर उभा राहून वाजवणारा. कुणी एका दुपारी तबकडीत चार गाणी भरली आणि पुन्हा शेतात राबायला गेला, तीस वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. तिकडच्या काही गावांत तंबाखूच्या लिलावाचा हंगाम आला की हे लोक वखारींच्या दारात उभे राहून गायचे, हे वाचलं त्या दिवशी भुजबलीनं सगळ्या हमालांना चहा पाजला. आपल्याच धंद्यातले निघाले म्हणून.

वखारीत बाळाबाई तीस वर्षं तंबाखू चाळते. एकदा एका गाणाऱ्या बाईची तबकडी लागली होती. बाळाबाईचे चाळणीवरचे हात थांबले.

"मालक, ह्या बाईच्या छातीत बी धूळ हाय."

भुजबलीनं ती तबकडी शंभरदा ऐकली असेल. तो अडलेला श्वास त्याच्या ध्यानात आला नव्हता. तेव्हापासून नवी तबकडी आली की पहिली हाक बाळाबाईला.

मग तो चातुर्मास आला. गावात मुनिमहाराज होते. सकाळी दारोदार लोक कलशावर नारळ धरून उभे राहतात. महाराजांनी मनात जी खूण धरलेली असते ती जिथं दिसेल तिथं ते आहार घेतात. भुजबलीच्या दारावरून ते नऊ दिवस पुढं गेले. प्रेमलाची झोप उडाली. दहाव्या दिवशी ते थांबले.

आहार झाल्यावर घरातल्यांनी काहीतरी सोडायचा नियम घ्यायचा. ह्यात आमची मंडळी पक्की. ज्याला कारलं आवडत नाही तो कारलं सोडतो. भुजबलीनं सोडायला फणस तयार ठेवला होता, नाहीतरी त्याचं पोट फुगतं. पण प्रेमलाला आनंदानं भान राहिलं नाही. हात जोडून तीच बोलून गेली की महाराज, हे गाणं ऐकायचं सोडतील. चाळीस माणसं बघत होती. भुजबलीनं मान वाकवली. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि ते गेले.

नियम घेताना मुदत आपण बोलायची असते. दिवाळीपर्यंत म्हणा, वर्षभर म्हणा. गडबडीत कुणीच काही बोललं नाही. दुपारी भुजबली बस्तीतल्या, म्हणजे आमच्या देवळातल्या, पंडितांकडं गेला.

"मुदत बोललास काय?"

"न्हाई."

"मग जन्मभर."

घरी आल्यावर प्रेमला दाराशीच उभी होती. "मला दिवाळीपर्यंतच म्हणायचं होतं हो," एवढं म्हणून ती आत गेली.

लोकांनी वाटा काढून दिल्या. मुलगा गोमटेश म्हणाला, आप्पा, हे गाणं कुठलं, हे तर रडणं. भुजबली म्हणाला, "हात मी जोडलेत. पळवाट काढून ऐकलं तर मला पळवाटच ऐकू येईल."

आणि गाणं कुठं नसतं? रिक्षात, वरातीत, चाळणाऱ्या बायांच्या तोंडात. म्हणून भुजबलीनं कानात कापूस घातला. दहा हाका मारल्या तरी तो वळेना, तेव्हा गावानं काय ते ठरवून टाकलं.

पंधरा दिवसांनी बेंगळुरूच्या एका शौकिनाकडून पार्सल आलं. तंबाखूच्याच गावातल्या एका गिटारवाल्याची तबकडी, भुजबली सहा वर्षं तिच्या मागं होता. महिनाभर तो ती रोज पुसून परत ठेवायचा. शेवटी त्यानं बाळाबाईला सुई बदलायला आणि किल्ली द्यायला शिकवलं, आणि स्वतः बाहेर वजनकाट्यापलीकडं जाऊन कापसावर बोटं दाबून उभा राहिला. दाराच्या फटीतून तिची पाठ दिसत होती. तीन मिनिटं ती हलली नाही.

ती बाहेर आली. त्यानं कापूस काढला.

"पयलं त्यानं घसा साफ केला," बाळाबाई म्हणाली. "मग बोटं अशी पळाली, वाटलं दोघं वाजिवत्यात. एकटाच हाय खरं."

"आणि शेवटी?"

"शेवटी तुटलं. तबकडी सपली, त्याचं सपलं नव्हतं."

भुजबलीनं तिला पुन्हा सांगायला लावलं. आता दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत बाळाबाई आत ऐकते आणि बाहेर येऊन सांगते. यंदा तिलाही दम लागतो. सांगता सांगता मध्येच थांबते, भुजबली वाट बघत उभा असतो.

मागच्या दिवाळीत गोमटेशनं त्याला बेळगावला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. भुजबलीचे दोन्ही कान चांगले आहेत. नियम घेताना तो मुदत बोलायला विसरला.