राजेंद्रच्या फोटोवरचा झेंडूचा हार

वलवणच्या अनिताला भीती काही नवी नव्हती. नवरा राजेंद्र रेल्वेत, खंडाळ्याच्या घाटात रुळांवरून पायी गस्त घालणारा. बावीस वर्षं तो सकाळी डबा घेऊन निघायचा आणि बावीस वर्षं ती स्वयंपाक करताना, धुणं धुताना एक कान दाराकडे लावून असायची. पावसाळ्यात घाटात दरड येते हे लोणावळ्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण ज्याच्या डोक्यावर ती दरड लटकते, त्याच्या बायकोचा जीव कसा टांगणीला लागतो ते तिचं तिलाच माहीत. राजेंद्रला बोलून दाखवलं तर तो हसायचा. "काय हुतंय मला," म्हणायचा. त्या हसण्याचा तिला रागच यायचा.

सासरे हौशीराम गेले तेव्हा घरात त्यांचा धड फोटो सापडेना. आधारकार्डावरचा निघाला, त्यात ते पकडून आणलेल्या चोरासारखे दिसत होते. अनिताने धसका घेतला. उद्या आणखी कुणाचं काही झालं, तर आपल्यापाशी काय उरणार? त्या धसक्यापायीच ती 'आठवणींची पानं' नावाच्या ऑनलाइन गटात शिरली. मोबाइलवर फोटोंची सजवलेली पानं करायला शिकणाऱ्या पन्नास-साठ बायकांचा तो गट. शिकवणाऱ्या माधवीताई नाशिकच्या. पान थरांवर थर रचून करायचं, त्या सांगत: खाली रंगीत कागद, त्यावर फोटो, त्यावर फुलं, सगळ्यात वर अक्षरं. गोधड्या शिवलेल्या बाईला हे कळायला कितीसा वेळ? नको असलेला थर पुसायचा नाही, झाकायचा. त्यासाठी थराशेजारी एक बारकासा डोळा असतो, तो मिटायचा. आणि माधवीताईंचा नियम एकच, "प्रत्येक पायरी सेव्ह करा, मग माझ्याकडे रडत येऊ नका."

पहिलं पान तिने सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला केलं. फोटोला झेंडूचा हार, खाली नाव आणि तारीख. गटातल्या बायकांनी वाहवा केली, भावकीनेही केली. सासू सरूबाई तर मोबाइललाच हात जोडून बसली.

मग चौदा जुलै आला, राजेंद्रचा पन्नासावा वाढदिवस. कष्ट वाचवायला अनिताने सासऱ्यांच्याच पानाची कॉपी काढली. फोटो बदलला, सेव्ह. नाव-तारीख बदलली, सेव्ह. हाराचा डोळा मिटला, वर फुगे लावले, सेव्ह. नवरा कामावर गेल्यावर धुण्याचे ओले हात पदराला पुसत तिने पान भावकीच्या व्हॉट्सॲप गटात टाकलं आणि भाजी निवडायला बसली.

दहा मिनिटांत परंदवडीहून फोन आला. राजेंद्रचे चुलते, भिकाजीआबा.

"आनिता, कवा झालं गं?"

"काय झालं, आबा?"

आबा रडत होते. "आमचा राजा गेला न् आमाला असं मोबाइलवर कळावं व्हय?"

अनिताच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. वाईट बातमी घरच्यांना सगळ्यात शेवटी कळते, असं तिने ऐकलं होतं. म्हणजे आधी परंदवडीला कळलं.

"कुनी सांगितलं तुमाला?"

"कुनी म्हंजे? तूच फोटू टाकलायस की. हार घातल्याला."

तिने गट उघडला. पानावर फुगे नव्हतेच. राजेंद्रचा हसरा चेहरा, भोवती झेंडूचा हार, खाली नाव आणि चौदा जुलै. सेव्ह केलेली मधली पायरीच चुकून पाठवली गेली होती. निवडताना नखाएवढ्या चौकोनात तिला दोन्ही पानं सारखीच दिसली होती. जित्याजागत्या नवऱ्याला तिने आपल्या हाताने हार घातला होता.

"आबा, चुकून गेलं वो. त्ये कामावर हायेत. बरे हायेत."

"बोललीस का त्येच्याशी?"

ती बोलली नव्हती. तिने फोन लावला. लागेना. बोगद्यांकडे तो रोजच लागत नाही, हे तिला पाठ होतं. पण रोज तिने हार घातलेला नसे. तिने गटातून पान काढून टाकलं, खाली 'चूक झाली, हे सुखरूप आहेत' असं लिहिलं, आणि लिहितानाच तिला वाटलं, आपण खोटं तर लिहीत नाही?

"कुनाचा फोन गं?" आतून सरूबाईने विचारलं.

"आबांचा. वाढदिवसाचा," ती म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली.

खंडाळा स्टेशनवर रिक्षातून उतरून ती थेट आत गेली. तिथला माणूस ओळखीचा होता. "वहिनी, खाली दरड आलीय. रूळवाल्यांची सगळी गँग तिकडंच आहे. कुणाला लागल्याचं अजून तरी कळलं नाही."

तो 'अजून' तिच्या काळजात रुतून बसला. बाकावर बसून ती एकवीरेला काय काय बोलली ते तिलाही आठवत नाही. मोबाइल तिने पर्समध्ये पालथा ठेवला. पडद्याकडे बघायची हिंमत होईना.

दोन तासांनी धुक्यातून रेनकोटातली माणसं वर आली. पहिल्या चौघांत तो नव्हता. पाचवा तो होता.

तिने त्याचा दंड धरला तो सोडेचना. चारचौघांत नवऱ्याला हात न लावणारी बाई. तुटक तुटक तिने सगळं सांगितलं. सोबतचे गडी हसले. "राजाभाऊ, मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं. वैनींनी तुमची शंभरी पक्की केली." असं म्हणून ते चहाला गेले.

राजेंद्र हसला नाही. "दाव बरं," म्हणाला. गटातून काढलेलं पान तिच्या मोबाइलवर तसंच होतं. तिने नको नको म्हणत दिलं. तो बाकावर बसला, ओलं बोट पँटीला पुसून त्याने फोटो मोठा करून बघितला. आता हा चिडणार, या धास्तीने ती उभीच होती.

"कामावर निघताना बूट घालतो, तवा रोज डोळ्यांपुढं ह्योच येतो माज्या," तो हळूच म्हणाला. "असाच माजा फोटू. हार बी असाच. बावीस वर्सं झाली."