सिंकला हवा लागते

माझं माहेर मेढ्याजवळचं. तिथं अंगणात तांब्याभर पाणी ओतलं तरी ते उताराला लागून खालच्या शिवारात जातं. सांडपाणी कुठं न्यायचं याचा विचार आमच्या घरात कुणी कधी केला नाही. सासर मात्र सपाटीवर, साताऱ्याची हद्द संपून सांगलीची सुरू होते तिथं. चहूबाजूंनी ऊस. इथं पाण्याला वाट करून द्यावी लागते, नाहीतर ते दारातच बसून राहतं. हे मला घर बांधल्यावर कळलं, आणि चांगलंच कळलं.

हे फौजेतून निवृत्त होऊन आले आणि आम्ही स्लॅबचं घर बांधायला काढलं. खाली स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली, वर आमची खोली आणि बाथरूम. त्याच सुमारास सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. मी त्यांना आत्या म्हणते. डॉक्टरांनी बजावलं, इथून पुढं उकिडवं बसायचं नाही. आत्यांचा सगळा जन्म परसातल्या मोरीवर उकिडवं बसून भांडी घासण्यात गेलेला. आता त्या दिवसभर खुर्चीत बसून दाराकडं बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "म्या आता कशाच्या कामाची? खायाचं आन् बसायचं."

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. मी ठरवलं, नव्या घरात सिंक घ्यायचं, आणि तेही रस्त्याकडच्या खिडकीखाली. आत्यांना उभ्यानं भांडी घासता येतील, हात कामात राहतील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार शब्द बोलता येतील.

प्लंबिंगचं काम शेजारच्या गावच्या भाईंकडं होतं. मोटार बसवायची असो की टाकी, आमच्या भागात पहिला फोन त्यांनाच जातो. त्यांनी जागा बघितली आणि मान हलवली. "वहिनी, सिंक मागच्या भितीला घ्या. उभा पाईप तिथंच हाय. हितनं पाणी न्यायचं म्हंजे लय लांब पडतंय."

"लांब पडू दे," मी म्हणाले. "खिडकी हीच पाहिजे."

भाईंनी ओट्याखालून आडवा पाईप नेला आणि मागच्या भिंतीच्या उभ्या पाईपला जोडला. वरच्या बाथरूमचं पाणीही त्याच उभ्या पाईपात यायचं. वास्तुशांत झाली. आत्या आधी कुरकुरल्या, "उभ्यानं भांडी? ह्ये काय हाटील हाय?" पण चार दिवसांत त्या खिडकीवर अशा रुळल्या, की दूध घालायला जाणाऱ्या बायका मुद्दाम थांबून बोलू लागल्या.

आणि मग वास सुटला.

सिंकच्या भोकातून गटाराचा वास यायचा, कधी कमी, कधी डोकं उठेल इतका. भाईंनी सिंकखालचा ट्रॅप उघडून साफ केला. ट्रॅप म्हणजे पाईपचं वाकडं वळण. त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि ते पाणीच गटाराची हवा अडवून धरतं. साफ केल्यावर दोन दिवस बरे गेले, पुन्हा वास. भाईंनी ट्रॅपच नवा बसवला. पुन्हा वास. पाहुणे यायचे तेव्हा मी सिंकच्या भोकात ओलं फडकं कोंबून ठेवायची.

एके दिवशी मी बाजारातून आले तर आत्या परसात. जुन्या मोरीपाशी पाट टाकून त्यावर बसलेल्या, पुढ्यात खरकटी भांडी. उठायला गेल्या तर उठता येईना. मी धावत जाऊन धरलं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या घाणीपाशी उभं ऱ्हाववत न्हाई गं."

त्या दिवसापासून मी सिंकच्या मागेच लागले.

एका सकाळी भाकरी थापत होते. नळ बंद, सिंकपाशी कुणीच नाही, आणि सिंक अचानक घशातून बोललं. गुडूक, गुडूक, मग लांबलचक घर्र. मी दचकून वर बघितलं. वर हे आंघोळ करत होते. पिठाच्या हातानंच मोबाईलची बॅटरी लावून भोकात डोकावले. ट्रॅप कोरडा. मी लोटाभर पाणी ओतलं. आत पाणी चमकताना दिसलं. मग जिन्यापाशी जाऊन हाक मारली, "आवं, अजून एक बादली एकदम ओता!"

"आंघोळ झाली माझी!"

"झाली तरी ओता!"

वरून पाण्याचा लोंढा आला. मी भोकात बघतच होते. आतलं पाणी थरथरलं आणि कुणी खालून ओढून घ्यावं तसं माझ्या डोळ्यांदेखत निघून गेलं. मागोमाग तोच वास. हे टॉवेल गुंडाळून खाली आले तर मी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवत होते.

"काय झालं?"

"तुमच्या आंघोळीनं सिंक कोरडं पडतंय!"

भाई आले. त्यांनाही तोच प्रयोग करून दाखवला. ते विचारात पडले. "वरचं पाणी खाली जातंय ते ठीक. पण सिंकातलं पाणी का ओढतंय?"

मला तेलाचा डबा आठवला. नवा डबा आम्ही फोडतो तेव्हा एकच भोक पाडलं तर तेल गचके खात पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते, कारण आत हवा जाते. मी रिकामा डबा पाण्यानं भरला आणि अंगणात सगळ्यांसमोर दोन्ही तऱ्हेनं ओतून दाखवला. "आपल्या उभ्या पाईपला वर तोंडच नाही. पाणी खाली जाताना त्याला हवा पाहिजे. ती वरून मिळत नाही, म्हणून तो सिंकमधून ओढतो."

भाई मोकळेपणानं हसले. "व्हय की! म्या पाईप बाथरूमपाशी टोपी लावून बंद केलाय. वहिनी, आता तुमीच सांगा, कसं करू या."

मग आम्ही दोघांनी मिळून आराखडा केला. ओट्यामागच्या भिंतीवर मी खडूनं रेघा मारत गेले, भाई त्यात दुरुस्त्या करत गेले. उभा पाईप गच्चीच्या कठड्याच्या वर न्यायचा आणि तोंडाला जाळी लावायची. पण भाई म्हणाले, सिंक लांब आहे, तेवढ्यानं भागायचं नाही. सिंकच्या ट्रॅपला लागूनच हवेचा वेगळा पाईप हवा, तोही सरळ गच्चीवर. आडव्या पाईपला फुटाला पाव इंच उतार धरायचा. त्याहून कमी दिला तर खरकटं बसतं. वळणाच्या जागी उघडून साफ करता येईल असं झाकण.

इथं हे आडवे आले. घराचं तोंड रस्त्याकडं, नुकताच रंग दिलेला. "घराच्या नाकावर पाईप? बिलकुल नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक नाक धरून जेवतात ते चालतं?" मी म्हणाले.

तरी हे तयार होईनात. तेवढ्यात आत्या खुर्चीतून म्हणाल्या, "तुज्या भितीपरीस माज्या खिडकीची काळजी कर." आईचा हुकूम फौजेपेक्षा मोठा. तरी ह्यांचंही मन राखायचं म्हणून मी अंगणात जाऊन घराकडं नीट बघितलं. गॅलरीचा खांब खिडकीच्या अगदी बाजूनं वर जात होता. पाईप खांबाच्या आडून नेला आणि त्याला भिंतीचाच रंग दिला तर रस्त्यावरून कुणाला दिसणार नव्हता. हे म्हणाले, "मंजूर."

काम सुरू झालं. जुना आडवा पाईप काढला तर मधे चक्क उलटा उतार निघाला. भाईंनी पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरायला लावली, मी एका टोकाला, हे दुसऱ्या. पातळी जुळवत, क्लॅम्प मारत पाईप बसला. मग भाईंनी खालचं तोंड बुच मारून बंद केलं आणि सगळी लाईन पाण्यानं भरून ठेवली. दुपारपर्यंत एकाही जोडाला थेंब फुटला नाही.

शेवटी खरी परीक्षा. वर हे दोन भरल्या बादल्या घेऊन उभे. खाली सिंकपाशी आत्या, भाई आणि मी. मी ओरडले, "ओता!"

पाणी धबाधबा आलं. भिंतीतून त्याचा आवाज गेला. सिंकमधून हूं की चूं नाही. मी बॅटरी मारली. ट्रॅपमधलं पाणी जागच्या जागी, आरशासारखं.

"अजून एक!" भाई ओरडले. दुसरी बादली गेली. पाणी हललंसुद्धा नाही. भाईंनी टाळीसाठी हात पुढं केला आणि मीही दिली, चांगली खणखणीत. हे जिन्यावरून विचारत होते, "काय झालं? सांगाल का कुणी?" आणि आम्हाला हसण्यातून सांगता येईना.

आत्यांनी पदर खोचला. परसातली राहिलेली भांडी आणायला लावली, मोठ्या पातेल्यासकट. सगळी घासली, विसळली आणि शेवटी पातेलंभर पाणी सिंकमध्ये उपडं केलं. ते गरकन फिरून सरळ निघून गेलं. आत्या खिडकीतून रस्त्यावरच्या बाईला म्हणाल्या, "ये गं, आत यून बघ. आमच्या सुनंनं घराला नाक बशीवलंय."

बाई आली, दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. आता भाई कुठं नव्या घराचं काम घेतात तेव्हा आधी मला व्हिडिओ कॉल करतात. परवाच कोयनानगरच्या एका घरातून फोन होता. "वहिनी, हितं सिंक खिडकीखाली पायजे म्हणत्यात. वर बाथरूम हाय. बघा जरा." मी पोळपाट बाजूला सारला, हात पुसले आणि म्हणाले, "आधी गच्ची दाखवा."