बन्सीधर फोटोवाल्याचं तुफान

मानवतच्या बन्सीधर फोटोवाल्याने चाळिशी उलटेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, पण विकला मात्र भरपूर. त्याच्या स्टुडिओतल्या पडद्यावर खवळलेला समुद्र होता आणि त्याच्यापुढे अर्ध्या तालुक्यातली नवी जोडपी ताठ उभी राहून गेली होती. पडदा रंगवणाराही आमच्याच गावचा. फेस म्हणून त्याने लाटांवर कापसाची बोंडं काढली होती.

पंच्याऐंशी साली तात्याराव मास्तर मुंबई बघून आले आणि त्या पडद्यापुढे पोट धरून हसले.

"बन्सीधर, ह्यो समुद्र न्हाई, धुण्याचं पाणी हाय."

बन्सीधरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आषाढात कोकणात जातो. खरं तुफान फोटोत आणलं न्हाई, तर दुकानाची पाटी उतरवतो!"

माझं शिलाईचं दुकान शेजारीच. त्याला समजवायचं सोडून मी आगीत तेल ओतलं. तसा माझा स्वभावच आहे.

बायकोला, सरजाबाईला, त्याने बरोबर नेलं ते हौसेनं नव्हे, सामान धरायला. पुढचं तिनेच मला सांगितलं. किनाऱ्यावर वारा असा की माणूस उभा राहीना. लाटा घराएवढ्या. बन्सीधरने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि गडी अडकला. समोर माणूस नसताना त्याने जन्मात फोटो काढला नव्हता. नाक दिसल्याशिवाय त्याला फोकस लावता येईना.

"सरजे, जरा म्होरं उभी ऱ्हा. फोकस लागला की सरक."

ती उभी राहिली. तेवढ्यात लाट उसळली, बन्सीधर सवयीने ओरडला, "हसा! हालू नका!" आणि खटका दाबला. वीस वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदाच अहोजाहो केलेलं, तिला हसू आवरेना. सरकायचं राहून गेलं. रोलमधले बाराही फोटो असेच निघाले.

बाजाराच्या दिवशी त्याने ते दुकानाच्या काचेत लावले. बारा सरजाबाई. पदर उडालेला, केस सुटलेले, चिंब भिजून खदखदा हसणाऱ्या. मागे नुसता पांढरा धूर.

तात्यारावांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "समुद्र कुठं हाय?"

बन्सीधरचं तोंड उतरलं. तो स्टूल घेऊन पाटीखाली गेला, वर चढला आणि खिळा उपसायला लागला. मला माझीच लाज वाटली.

सरजाबाई मात्र काचेपुढून हलेना. आमच्याकडच्या बाईचा फोटो निघतो लग्नात, मान खाली घातलेला. ती गेली की तोच मोठा करून भिंतीवर चढतो, हारासकट.

"अवो," ती म्हणाली, "मी मेल्यावर ह्यातलाच लावा. त्यो लग्नातला नगं, त्यात मी रडायलेय."

बन्सीधर खिळा सोडून खाली उतरला आणि भर बाजारात धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागला. कुणी हसलं नाही. मग तात्याराव मास्तरांनीच स्टूल उचललं आणि आत नेऊन ठेवलं.